सकळ लिपीतले प्रबंध

मा. कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर, आणि विद्यापीठाच्या विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : मराठी प्रबंधांचे टंकन, चोरीचे सॉफ्टवेअर आणि मुक्तस्रोताचा पर्याय



विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालणारी नियमावली प्रसिद्ध केली, तेव्हापासून पीएच.डी.च्या प्रबंधातील मजकुराचे इतरांच्या लेखनाशी असलेले साम्य टक्क्यांत मोजले जाते. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ समजून सोडले जाते, १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास संशोधकाला सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांच्या टप्प्यात वर्षभर तशी मुभाही मिळत नाही, आणि ६० टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होते. दुसऱ्याच्या वाक्याविषयी इतकी काटेकोर असलेली ही व्यवस्था, ते वाक्य ज्या सॉफ्टवेअरमधून कागदावर उतरते ते कोणाचे आहे आणि कोणत्या परवान्याने वापरले गेले आहे, हे मात्र कोठेही विचारत नाही. त्यामुळे चोरीच्या साधनाने टंकित झालेला आणि सोबत चोरी नसल्याचे प्रमाणपत्र जोडलेला प्रबंध ही आपल्याकडच्या विद्यापीठीय जीवनातील एक मुकाट्याने मान्य झालेली वस्तू होऊन बसली आहे.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत ही विसंगती आणखी खोल जाते. साम्य तपासणारे सॉफ्टवेअर पानाचे चित्र पाहत नाही, ते अक्षरांचे क्रमांक वाचते. आणि जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकित केलेल्या प्रबंधातून त्याच्या हाती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक चुरा पडतो, ज्याचे जगातील कोणत्याही लेखनाशी साम्य असण्याचा संभव नसतो. असा प्रबंध परीक्षेत निर्दोष ठरतो याचे श्रेय संशोधकाच्या मौलिकतेला द्यायचे की परीक्षकयंत्राच्या निरक्षरतेला, हे तपासणीच्या अहवालावरून सांगता येत नाही. प्रस्तुत पत्राचा विषय या दोन गोष्टींमधला संबंध हा आहे : चोरीचे सॉफ्टवेअर मराठवाड्यातील टंकनाच्या व्यवसायात टिकून का राहते, आणि ते टिकल्याने मराठी मजकूर न वाचता येण्याजोगा का होतो. त्यावरचा उपाय टंकन करणाऱ्यापेक्षा किंवा विद्यार्थ्यापेक्षा विद्या परिषदेच्याच हाती अधिक आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहिले आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर मानायचे याविषयीच्या ठरावाला संकेतन म्हणतात. १९८० आणि १९९० च्या दशकांत वैयक्तिक संगणकावर फॉन्टसाठी २५६ घरे असत आणि ती रोमन लिपीच्या सोयीने आखलेली होती, त्यामुळे मराठी फॉन्ट घडवणाऱ्यांनी त्याच घरांमध्ये देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, रफार, अर्धा क, अर्धा त, आपापल्या हिशेबाने बसवले. पडद्यावर मराठी उमटत असे, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचे क्रमांक साठवले जात, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की त्याची दाणादाण होई. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकची आयएसएम प्रणाली आणि तिच्यातील सुरेख, योगेश हे फॉन्ट ही नावे विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापासून औरंगपुऱ्यापर्यंत कोणत्याही डीटीपी चालकाला तोंडपाठ असतात. या संस्थांना दोष देण्याचे कारण नाही. दुसरा मार्ग नव्हता तेव्हा त्यांनी मराठी संगणकावर आणली, आणि ते काम लहान नव्हते. पुढे १९९१ मध्ये युनिकोड हे जागतिक संकेतन प्रसिद्ध झाले, त्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावर आधारलेली होती, आणि २००० नंतरच्या संगणकांवर ते सर्वत्र उपलब्धही झाले. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक एकच, मग फॉन्ट कोणताही असो. तरीही जुनी पद्धत गेली नाही.

या भूमीला हा प्रकार अगदीच नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ इतरांच्या हाती पडू नयेत म्हणून चौदाव्या शतकाच्या सुमारास सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या घडवल्या, ज्यांत एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरेच अक्षर किंवा चिन्ह लिहिले जाई; आणि मराठीतील आद्य गद्याचा मोठा भाग त्या लिप्यांच्या आड मठांमधून पडून राहिला, तो विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्यांचा उलगडा होईपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळपास अज्ञात होता. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर सकळ लिपी आणि जुन्या मराठी फॉन्टची मांडणी यांत फरक नाही : दोन्हींत लिहिलेले एक आणि वाचायचे दुसरे, आणि मधली किल्ली ज्याच्याजवळ आहे त्यालाच मजकूर खुला. फरक हेतूचा आहे. पंथाने ते कुलूप जाणीवपूर्वक घातले होते; आजचा मराठी प्रबंध कोणाचीही तशी इच्छा नसताना कुलूपबंद होतो, आणि आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर तो ‘शोधगंगा’ या सार्वजनिक संग्रहात सर्वांसाठी खुला म्हणून ठेवला जातो तेव्हाही त्यात एखादा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही.

आता चोरीच्या सॉफ्टवेअरकडे वळता येईल, कारण हे कुलूप त्यानेच गंजू न देता सांभाळले आहे. मराठी पुस्तके, लग्नपत्रिका, नियतकालिके आणि प्रबंध यांची पाने पिढ्यान्‌पिढ्या ज्यात लागली ते पेजमेकर आल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणले, १९९४ मध्ये ते ॲडोबीकडे गेले, आणि २००१ मधील सातवी आवृत्ती ही त्याची अखेरची मोठी आवृत्ती ठरली. त्याला युनिकोड कधीच समजले नाही. बाजारातून उठून गेलेले सॉफ्टवेअर पाव शतकानंतरही टंकनाच्या दुकानांतून चालू असते, याचा अर्थ काही जुने परवानाधारक सोडले तर ते प्रतीवरून प्रत या मार्गानेच चालू असते. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या बोलीत यासाठी एक सुटसुटीत क्रियापद आहे : फॉरमॅट मारून पेजमेकर, कोरल, फोटोशॉप सगळे ‘टाकून देणे’. भाजीत मीठ टाकावे तसे सॉफ्टवेअर टाकले जाते, आणि त्या क्रियापदात किंमत, परवाना, मालकी यांपैकी कशालाच जागा उरलेली नाही. श्रीलिपीच्या निर्मात्यांनी प्रतिबंध म्हणून डोंगल, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे लावायची कुलूपवजा खुंटी दिली होती. त्या खुंटीशिवायही श्रीलिपी चालावी अशा प्रती बाजारात फिरल्या. पायरसीचा फटका अमेरिकेतील धनाढ्य कंपन्यांनाच बसतो अशी एक सोयीची समजूत आहे, तिला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे : मराठी अक्षरासाठी भांडवल घालणाऱ्या पुण्याच्या कंपनीलाही तो बसला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृतींच्या वर्गात घातली गेली, म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि पेजमेकर शेजारी बसतात. त्याच कायद्याच्या ६३-ब कलमाप्रमाणे चोरीची प्रत आहे हे ठाऊक असताना ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायाच्या ओघात झालेला नसेल तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद माफ करू शकते आणि दंड ५० हजारांच्या आत ठेवू शकते. वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी प्रत काढण्याची जी सवलत ५२ व्या कलमात आहे ती स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीपुरती आहे. या तरतुदींचा रोख पाहिला तर एक विषम चित्र दिसते : पानामागे काही रुपये घेऊन प्रबंध टंकित करणारा दुकानदार व्यवसाय करतो म्हणून कैदेच्या छायेत येतो, ज्याचा प्रबंध तयार होतो तो विद्यार्थी सहसा त्या छायेबाहेर राहतो, आणि ज्या संस्थेच्या नियमांमुळे ते टंकन करावे लागले ती तर चित्रातच नसते.

कायद्याच्या भीतीने हा व्यवहार थांबेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल, कारण ती भीती प्रत्यक्षात कोणाला वाटत नाही. अधिक प्रत्ययाचे नुकसान वेगळे आहे. कुलूप तोडणारी छोटी आज्ञावली, जिला बोलीत ‘क्रॅक’ म्हणतात, चालवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करावा अशी सूचना तिच्यासोबतच मिळते. म्हणजे घरात चोर घेताना कुत्रा बांधून ठेवावा लागतो. अधिकृत सुधारणा अशा यंत्रावर बहुधा उतरवल्या जात नाहीत, कारण त्या उतरवल्या की चोरी उघडी पडते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर संगणक बंद पाडले तेव्हा तिला अडवणारी सुधारणा दोन महिने आधीच निघालेली होती, परंतु ती न घेतलेली यंत्रे असंख्य होती. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, हा अनुभव नसलेला संशोधक विद्यार्थी मराठवाड्यात शोधावा लागेल, आणि त्या पेनड्राइव्हवर चारपाच वर्षांच्या कामाची एकुलती एक प्रत असणे हीसुद्धा दुर्मीळ गोष्ट नाही.

चोरीच्या प्रतीचे समर्थन नेहमी एकाच मुद्द्यावर केले जाते, आणि तो मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चार जिल्ह्यांतून येणारा विद्यार्थी, ज्याच्या घरी एका हंगामाचा पाऊस चुकला तरी शिक्षणाचे गणित बिघडते, तो महिन्याच्या भाड्याने मिळणारे परदेशी सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. ॲडोबीने २०१३ नंतर एकदाच पैसे भरून कायमची प्रत देण्याची पद्धत सोडून दिली, त्यामुळे छोट्या दुकानदाराचीही तीच गत झाली. हे सर्व खरे आहे. परंतु या हिशेबात नेहमी दोनच पर्याय धरले जातात, विकत घेणे आणि चोरणे, आणि जो मुळात विकत घेणारच नव्हता त्याने चोरल्याने कोणाचे काय गेले असा प्रश्न विचारला जातो. गेले ते तिसऱ्याचे. ज्याला पैसे द्यायचे नाहीत किंवा देता येत नाहीत त्याच्यासमोर खरी निवड चोरीची प्रत आणि फुकट मिळणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर यांत असते. महागडे सॉफ्टवेअरही फुकटच मिळत असेल तर किंमत हा निकष उरत नाही, आणि अधिक प्रसिद्ध, अधिक सवयीचे तेच उचलले जाते. चोरीची प्रत विकाऊ सॉफ्टवेअरचे गिऱ्हाईक फारसे पळवत नाही, ती मुक्तस्रोताचे गिऱ्हाईक पळवते.

ही गोष्ट विकणाऱ्यांना कळलेली नाही असे समजू नये. बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले होते, त्यात आपल्या कंपनीची आज्ञावली पैसे न देता वाटून घेणाऱ्यांवर त्यांनी चोरीचा आरोप केला होता. (खुल्या पत्राचा हा प्रकार या विषयात तेव्हापासून रूढ आहे, एवढाच त्याचा प्रस्तुत पत्राशी संबंध.) बावीस वर्षांनंतर, १९९८ मध्ये, चीनमधील पायरसीविषयी बोलताना त्याच गेट्स यांचा सूर बदललेला होता : चोरायचेच असेल तर लोकांनी आपलेच चोरावे, म्हणजे त्यांना त्याची सवय जडेल आणि पुढे कधीतरी वसुलीचा मार्ग सापडेल, अशा आशयाचे विधान त्यांनी जाहीरपणे केले. पहिल्या पत्रात संताप आहे, दुसऱ्या विधानात व्यापार आहे, आणि चोरीच्या प्रतींवर हात बसलेल्या मराठवाड्यातील टंकनव्यवसायाकडे पाहता दुसरेच अधिक खरे ठरले असे म्हणावे लागते.

मुक्तस्रोत म्हणजे काय, याविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण त्याला नुसते ‘फुकटचे’ म्हणण्याची चूक सुशिक्षितही करतात. आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते, तिला स्रोत म्हणतात. विकाऊ सॉफ्टवेअरमध्ये हा स्रोत झाकलेला असतो आणि यंत्रालाच कळणारे रूप तेवढे ग्राहकाला मिळते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांची मागणी अशी होती की आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवण्याची, तिचा स्रोत वाचून बदलण्याची, तिच्या प्रती इतरांना देण्याची आणि बदललेली आवृत्तीही वाटण्याची मोकळीक वापरणाऱ्याला असावी. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स प्रणाली याच विचाराच्या परवान्याखाली वाढली, आणि ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मध्ये रूढ झाले. इंग्रजीत मोकळे आणि फुकट यांना एकच शब्द असल्यामुळे या चळवळीला आयुष्यभर खुलासे करत बसावे लागले. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द आधीपासून वेगळे असूनही घोळ होतो, याला भाषेचा इलाज नाही.

त्याहून कमी लक्षात घेतली जाणारी बाब अशी की मुक्तस्रोताचे परवाने कॉपीराइटच्याच पायावर उभे आहेत. लेखकाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे म्हणूनच तो लेखक ‘माझ्या स्रोतात बदल करून पुढे दिलात तर तोही खुलाच ठेवा’ अशी अट घालू शकतो. जो कॉपीराइट धाब्यावर बसवतो तो भांडवलदारांविरुद्ध बंड करतो असे नाही; तो त्याच कायद्याच्या आधाराने जगणाऱ्या मुक्तस्रोताच्या लेखकाचीही जमीन पोखरतो. नक्कल करणे हे काही या मातीत पाप मानले गेलेले नाही. याच जिल्ह्यातील पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या हातोहाती बिघडत गेलेल्या प्रती मिळवून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि ती ज्ञानेश्वरांचीच राहील, तिच्यात कोणी आपली ओवी घुसडणार नाही, याची काळजी वाहिली. मूळ कर्त्याचे नाव राखून प्रत सुधारायची आणि ती सर्वांना द्यायची, ही रीत मुक्तस्रोताच्या परवान्यांना फार परकी वाटणार नाही.

मराठीच्या दृष्टीने मुक्तस्रोताचा हिशेब आता बराच जमेचा आहे. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक ठेवून भागत नाही; वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, रफार डोक्यावर चढवावा लागतो, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील र वेगवेगळे काढावे लागतात. हे जुळणीचे काम करणाऱ्या ‘हर्फबझ’ या मुक्तस्रोत आज्ञावलीचे नाव फारसीतील ‘खुले अक्षर’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आले आहे, आणि वली-सिराज या उर्दू कवींच्या शहरात ‘हर्फ’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागू नये. फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांत मराठी अक्षरे तीच जुळवते, आणि ॲडोबीच्या अलीकडच्या महागड्या सॉफ्टवेअरांतही तिचाच आधार घेतलेला आहे. अक्षरांचे म्हणाल तर राज्य मराठी विकास संस्थेने करवून घेतलेला ‘यशोमुद्रा’, आयआयटी मुंबईतील ‘शोभिका’, मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्ता’ हे सर्व मोकळ्या परवान्याचे आहेत, त्यांत मराठी वळणाचे ल आणि श काढता येतात, आणि ‘ॲ’ला २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाल्यावर तोही नीट उमटतो. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ दीर्घकाळ विंडोजसोबतच येत असे, पण त्याची मालकी कंपनीची. वरील तिघांचे तसे नाही, ते कोणालाही कोठेही नेता येतात. रोमन कळफलकावर उच्चाराप्रमाणे मराठी लिहू देणारी ‘गमभन’ पद्धतीही मुक्त प्रणालींत आहे.

उणिवा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पाने लावण्याच्या ‘स्क्रायबस’ या मुक्त सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी २०१७ च्या सुमारास कुठे जमू लागली, आणि पेजमेकरमध्ये डोळे मिटून पाने लावणाऱ्याला त्यात सुरुवातीला हात बांधल्यासारखे वाटते. छापखान्याला लागणारे चार शाईंचे रंगविभाजन ‘गिंप’मध्ये दीर्घकाळ धड नव्हते. रेमिंग्टन कळफलकावर वेगाने टंकन करणाऱ्याला नव्या मांडणीवर आणायचे तर काही महिने त्याचा वेग आणि कमाई दोन्ही घटतात, हा खर्च कोणत्याही तुलनातक्त्यात धरला जात नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांची अडचण तर आणखी कठीण आहे : मोठा उद्योग आपला आराखडा ज्या विकाऊ कॅड सॉफ्टवेअरमध्ये पाठवतो त्यातच तो उघडावा लागतो, ‘फ्रीकॅड’ची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली असली तरी त्या आराखड्याशी तिचे सर्वत्र जुळेलच असे नाही, आणि तेथे पैसे मोजणे किंवा संघटनेमार्फत सामायिक परवाना घेणे याला प्रामाणिक पर्याय सध्या दिसत नाही. मात्र प्रबंध म्हणजे मोटारीचा गिअरबॉक्स नव्हे. त्याला प्रकरणे, तळटीपा, अनुक्रमणिका, संदर्भसूची आणि सुवाच्य मराठी अक्षर एवढेच लागते, आणि २०१० पासून विकसित होत असलेल्या लिबरऑफिसमध्ये ते सर्व आज निर्वेध होते.

मग विद्यार्थी ते का निवडत नाही? कारण निवड त्याच्याकडे कधी आलेलीच नसते. संगणकाची पहिली ओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमांत सॉफ्टवेअरच्या प्रकाराऐवजी एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव असते. २००१ पासून लाखो मराठी मुलामुलींनी केलेल्या एमएस-सीआयटीमध्येही भर प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस यांवरच राहिला. पुढे कोठे मांडणीच्या सूचनांत एखाद्या फॉन्टचे नाव आणि आकार येतो, कोठे नमुना अर्ज एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडेल असा ठेवला जातो, आणि अशा प्रत्येक निरुपद्रवी ओळीतून चोरीच्या एका प्रतीची गरज निर्माण होते. केरळने आपले शालेय संगणकशिक्षण २००१ नंतरच्या दशकात मुक्तस्रोतावर नेले आणि दहावीची संगणकपरीक्षाही त्यावर घेतली, तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणापासून सगळे बदलावे लागले. पण बदल वरून झाला म्हणून झाला, मुलांच्या सद्‌सद्विवेकावर तो सोडला नव्हता. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणातही तेच सूत्र आहे : ई-शासनासाठी खरेदी करताना मुक्तस्रोताचा विचार प्राधान्याने करावा, आणि तो वगळल्यास कारण द्यावे.

विद्या परिषदेपुढे ठेवायचा प्रस्ताव त्यामानाने साधा आहे. मराठी, हिंदी, संस्कृत आदी देवनागरीतील प्रबंध युनिकोडमध्येच टंकित असावा, छापील प्रतीसोबत त्याची खुल्या स्वरूपातील फाइल द्यावी, आणि नियमांत कोणत्याही सॉफ्टवेअरचे नाव नसावे, फॉन्टचा उल्लेख करायचाच तर मोकळ्या परवान्याच्या दोनतीन फॉन्टचा पर्याय म्हणून करावा. एवढ्याने पेजमेकरची गरजच संपते, कारण त्याला युनिकोड येत नाही. कोणावर छापा घालावा लागत नाही. मात्र हा नियम एका रात्रीत लागू केला तर त्याचा दणका विद्यापीठाबाहेरच्या टंकन करणाऱ्यांना बसेल, आणि ते न्याय्य होणार नाही, कारण तीसेक वर्षे या विद्यापीठातील मराठी संशोधन त्यांच्याच बोटांतून पार पडले आहे. त्यांना एका वर्षाची मुदत आणि विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात किंवा परिसरातील नायलिट केंद्रात विनाशुल्क प्रशिक्षण मिळावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीत आधीच तयार केलेले आहेत, त्यामुळे अभ्याससाहित्यही नव्याने लिहावे लागणार नाही.

त्याच टंकन करणाऱ्यांची आणखी एका कामासाठी गरज आहे, आणि ते काम थांबण्यासारखे नाही. गेल्या तीन दशकांतील ज्या मराठी प्रबंधांच्या मूळ फाइली कोणाच्या सीडीत किंवा बाजूला टाकलेल्या हार्ड डिस्कवर उरल्या असतील, त्या युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतराच्या आज्ञावल्या मिळतात, पण अर्धी अक्षरे, ऱ्य, जोडाक्षरांचे अपवाद येथे त्या हमखास घसरतात, आणि कोणत्या कंपनीच्या कोणत्या फॉन्टच्या कोणत्या घरात काय बसवले होते हे माहीत असलेला माणूस शेजारी लागतो. १९९५ च्या सुमारास विशीत असताना या व्यवसायात आलेली पिढी आज पन्नाशीत आहे. रोमन अक्षरांच्या त्या चुऱ्याकडे पाहून मूळ मराठी शब्द ओळखणारी माणसे तिच्यात आहेत, ती विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोरच बसतात, आणि हा विषय परिषदेच्या पटलावर येईल तेव्हा त्यांच्यापैकी दोघांतिघांना बैठकीस बोलावले जावे, ही विनंती.

कळावे,

मराठी प्रबंधांचा एक वाचक
छत्रपती संभाजीनगर